कोणते किरण?

आमच्या सरांसमोर 'किरण' हा शब्द नुसता उच्चारायची सोय नव्हती. कुणी सहज म्हणालं, "सर, किरणांचा अंगाला त्रास होतो म्हणे," की सर चालत असले तर जागच्या जागी थांबायचे, जेवत असले तर हातातला घास ताटात परत ठेवायचे आणि विचारायचे, "कोणते किरण?" समोरचा बावरून म्हणायचा, "आता... सूर्याचे." मग सर विचारायचे, "सूर्याचे कोणते?" इथपर्यंत पोचलेला माणूस पुढच्या वेळी सर दिसले की रस्त्याची दुसरी बाजू धरायचा.

ते मुरुमला आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे आणि मी इतिहास. मी अणदूरची. नोकरी लागली तेव्हा मुरुमात ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून सरांच्याच घराची वरची खोली भाड्यानं घेतली. म्हणजे दिवसा सहकारी आणि संध्याकाळी घरमालक. मला रस्त्याची दुसरी बाजू धरून काही उपयोग नव्हता, कारण माझा जिना त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारातूनच वर जायचा.

सर उंच, वाळलेले, दाढी नीट कातरलेली. मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, मानेवर पांढरा रुमाल आणि डोक्यावर काळी छत्री. छत्रीला भाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आतून दुसरं कापड शिवून दिलेलं. आभाळ भरून आलं तरी छत्री उघडीच. कुणी हसलं तर म्हणायचे, "ढगातून येतेत." काय येतात, हे विचारायची हिंमत कुणी करायचं नाही.

एसटीत बसायचं त्यांचं शास्त्र वेगळं होतं. मुरुमहून सोलापूरला जाताना उजवीकडं आणि येताना डावीकडं, कारण ऊन दक्षिणेकडून येतं. उजवीकडच्या बाकावर आधीच कुणी बसलेलं असलं तर सर त्याला उभ्याउभ्या हे सगळं समजावून सांगायचे. माणूस समजून नव्हे, कंटाळून उठायचा. मी एकदा म्हटलं, "सर, काचेतून ते किरण फारसे येत नाहीत असं तुम्हीच सांगितलं होतं." सर खूश झाले. म्हणाले, "बरोबर, मॅडम! पण एसटीची काच बंद होते कुठं?"

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. मी इतिहासाची बाई, पण हे एवढ्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. काही विषाणू एकदा अंगात शिरले की बाहेर जातच नाहीत. पेशींमध्ये गप पडून राहतात, वर्षानुवर्षं. त्यांची जनुकं असतात, पण बंद. उन्हातल्या अतिनील किरणांचा चटका बसला की पेशीत धांदल उडते, दुरुस्तीची पळापळ सुरू होते आणि त्या गडबडीत विषाणूची बंद जनुकं चालू होतात. उन्हात राबलेल्या माणसाच्या ओठावर फोड येतात, त्यातले बरेचसे असेच.

सोयाबीनची काढणी उरकून पोरं वर्गात यायची तेव्हा एखाद्याचा ओठ फुललेला असायचाच. सर शिकवता शिकवता थबकायचे, खिशातलं भिंग काढायचे, त्या पोराच्या तोंडाशी वाकायचे आणि आनंदानं ओरडायचे, "उठला!" पोरांनी त्यांचं नाव 'उठला सर' पाडलं. नव्यानं आलेल्या प्राचार्यांना ते आडनावच वाटलं आणि पहिल्याच सभेत त्यांनी जाहीर केलं, "आता प्राध्यापक उठला दोन शब्द बोलतील." सर काही न म्हणता माइककडं गेले आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोलले.

तरुणपणी सर हैदराबादला एका प्रयोगशाळेत होते. तिथं त्यांनी काचेच्या बश्यांमध्ये पेशी वाढवल्या. त्या पेशींत एका विषाणूच्या जनुकाचं फक्त बटण बसवलेलं होतं आणि बटणाला असं काही जोडलं होतं की ते चालू झालं की पेशी उजळावी. मग एका बशीवर अतिनील किरण सोडले. बशी उजळली. दुसरीवर गॅमा किरण सोडले. पेशी मरायला लागल्या, पण बशी अंधारीच राहिली. उजळलेल्या बशीभोवती सगळी प्रयोगशाळा गोळा झाली, फोटो काढले गेले. अंधाऱ्या बशीकडं कुणी बघितलं नाही. सरांचा सगळा जीव त्या अंधाऱ्या बशीत होता. "काही झालं न्हाय, हे पण झालंच की!" ते मला म्हणायचे. "सगळे किरण एक न्हायत, मॅडम. हे उठवतात. ते उठवत न्हायत. ते पेशीचा धागाच, म्हणजे डीएनएच, तोडतात. लोकं दोघांना एकाच पोत्यात भरतात."

लोक भरत होते हे खरं, आणि त्याला कारण सरच होते. त्यांचा हा धडा दोन भागांचा होता. पहिल्या भागात अतिनील किरण, दुसऱ्यात गॅमा आणि एक्स-रे. पहिला भाग इतका रंगायचा की तो संपेपर्यंत तास संपायचा. दुसऱ्या दिवशी तिथून पुढं सुरू करतील तर शपथ! "धागा तुटला," म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. अशा पोरांच्या पिढ्याच्या पिढ्या पहिला भाग शिकून पास होऊन गेल्या. त्यातलं कुणी शिक्षक झालं, कुणी औषधाचं दुकान टाकलं, कुणी बाजारात आडत चालवली, आणि मुरुम-उमरग्याच्या सगळ्या मुलखात एवढंच पसरलं की किरण लागले की अंगातला झोपलेला विषाणू उठतो. उठला सर सांगतात ते.

घरीही तेच. दोघं आपसात दखनीत बोलायचे; माझी दखनी कच्ची, म्हणून मी सगळं मराठीतच सांगतेय. सर जेवताना धडा काढायचे. भाभी शेगडीशी पाठमोऱ्या बसून "हौ, हौ" म्हणत ऐकायच्या. पहिला भाग संपायला आणि तव्यावरची भाकरी फुगायला एकच गाठ पडायची. मग "भाकरी करपंल" म्हणून त्या तिकडं वळायच्या आणि नंतर दुसरंच काही निघायचं. पण जेवढं ऐकलं तेवढ्यावर त्यांचा पक्का विश्वास. बाजारात जाताना ओढणी ओठांवरून घ्यायच्या. गल्लीतल्या बायकांनाही त्यांनीच ती सवय लावली.

मोबाइलच्या टॉवरची गोष्ट सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टॉवर उभा राहणार होता. किराणा दुकानदारानं पुढाकार घेऊन सभा भरवली, तीही भर दुपारी शाळेच्या मैदानावर. किरणांविरुद्ध बोलायला गावात सरांइतका मोठा माणूस कोण? सरांना सन्मानानं बोलावलं. सर छत्रीसकट उभे राहिले आणि म्हणाले, "कोणते किरण?"

दुकानदार म्हणाला, "टॉवरचे, सर."

"त्यांच्यात धागा तोडायची ताकद न्हाय. विषाणू उठवायची पण न्हाय. फार तर थोडं गरम करतील."

कंपनीचा माणूस मागं उभा होता, त्यानं टाळी वाजवली. सर त्याच्याकडं वळले. "तुमी टाळी कशाला वाजवता? तुमच्या टॉवरचं मोजमाप दाखवलं का मला? आणून दावा, मग बोलतो." त्याची टाळी तिथंच थांबली. मग सरांनी सगळ्यांना सांगितलं की त्या टॉवरपेक्षा आत्ता डोक्यावर घेतलेलं ऊन वाईट, तेव्हा आधी सगळे लिंबाखाली चला. अर्धे लिंबाखाली गेले, अर्धे घरी गेले. टॉवर उभा राहिला. संध्याकाळी भाभींनी विचारलं, "एवढं बोललात, पण कुणाच्या बाजूनं?" सरांना तो प्रश्नच कळला नाही.

हसण्यावारी नेण्यासारखं होतं तोवर आम्ही सगळे हसलो. मग भाभींचं दुखणं निघालं.

त्यांची पाळी बंद होऊन कैक वर्षं झाली होती. एक दिवस भांडी घासता घासता मला हळूच म्हणाल्या, "बेटी, परत अंगावर जातंय." किती दिवसांपासून विचारलं तर म्हणाल्या, "दिवाळीपासून." दुसऱ्याच दिवशी मी उमरग्याला नेलं, तिथून सोलापूरला पाठवलं. तपासण्या झाल्या. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. भाभींना समोर बसवून त्यांनी सगळं मराठीत सांगितलं: ह्या कॅन्सरच्या मुळाशी बहुतेक एक विषाणू असतो, तो पेशींमध्ये वर्षानुवर्षं राहिलेला असतो; वेळेत आलात, शेक घेतला आणि सोबत औषध घेतलं तर बरं व्हायची चांगली आशा आहे. शेक म्हणजे किरण देणार.

भाभींनी विषाणू ऐकला, किरण ऐकले आणि त्या खुर्चीवरून उठल्या. "नक्को," म्हणाल्या. "मला त्याला उठवायचा न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी सरांकडं बघितलं. सर भिंतीकडं बघत होते.

येताना एसटीत सर उजवीकडं, सगळं ऊन अंगावर घेत बसले. छत्री पायाशी मिटलेली. त्यांच्या ते ध्यानातच नव्हतं. नळदुर्ग आल्यावर मी म्हटलं, "सर, ऊन येतंय." ते म्हणाले, "हौ." आणि तिथंच बसून राहिले.

पुढचे दिवस फार वाईट गेले. सर समजवायला गेले की भाभी त्यांचाच धडा त्यांना म्हणून दाखवायच्या, शब्द न् शब्द, कुठंही न चुकता. पेशीत धांदल उडते. पळापळ होते. बंद असलेलं चालू होतं. "तुमीच सांगितलं न्हवं? मग आता बदललं का?" गल्लीतल्या बायका भाभींच्या बाजूनं. किराणा दुकानदार तर मुद्दाम घरी आला, काळजीनं डोळे भरलेले. म्हणाला, "सर, काय बी करा, पण भाभींना किरणं देऊ नका." सरांनी सवयीनं "कोणते किरण?" विचारायला तोंड उघडलं आणि त्यांना ते पुरं बोलताच आलं नाही. सगळं गाव त्यांचं विद्यार्थी होतं आणि सगळं गाव अर्धंच शिकलेलं होतं.

मला सरांचा राग आला. असा राग मला माझ्या वडिलांचाही कधी आला नव्हता. जिन्यात गाठून मी म्हटलं, "सर, एकदा नुसतं सांगून टाका ना, की ह्या किरणांनी तुझा विषाणू उठणार नाही म्हणून! तुमचा शब्द त्यांच्यासाठी डॉक्टरांहून मोठा आहे."

सर म्हणाले, "माझ्या बशीतला विषाणू दुसरा होता, मॅडम. हा दुसरा हाय. पेशी पण दुसऱ्या. मी कसं सांगू?"

"अहो, बाई जाईल हातची! तुमचं बशीपुराण राहू द्या!"

"डॉक्टर बरोबर हायत," सर म्हणाले. "मी सगळं वाचलंय. शेक घ्यायलाच पायजे. पण ती मला डॉक्टरचं विचारत न्हाय ना. ती मला माझं विचारते. माझं मी खोटं कसं सांगू तिला? इतक्या वर्षांत कधी सांगितलं न्हाय."

मी कपाळावर हात मारला. मग मला एक साधी गोष्ट सुचली, जी आधीच सुचायला हवी होती. दुपारी भाभी भाकऱ्या थापत होत्या आणि सर पाटावर बसले होते. मी सरळ आत गेले, गॅस बंद केला आणि तवा उतरवून खाली ठेवला.

"अगं बेटी, भाकरी अर्धी हाय!"

"राहू द्या अर्धी. सर, दुसरा भाग सांगा. शेवटपर्यंत. भाभी, तुम्ही इकडं तोंड करून बसा."

भाभी पिठाचे हात तसेच धरून बसल्या. सर सुरुवातीला चाचरले. मग म्हणाले की उन्हातले ते किरण पेशीला चटका देऊन सोडून देतात. पेशी जिवंत राहते, गोंधळते, आणि त्या गोंधळात विषाणूचं फावतं. शेकाचे किरण वेगळे. ते पेशीच्या आतला धागा तोडतात, पेशीला वाढताच येत नाही, ती मरते आणि तिच्यातला विषाणूही तिच्याबरोबर जातो. त्यांच्या बशीत ह्या किरणांनी पेशी मेल्या होत्या, पण बटण काही चालू झालं नव्हतं. अंधाऱ्या बशीची गोष्ट भाभींनी जन्मात पहिल्यांदा ऐकली.

"मग माझ्यात पण तसंच होणार?"

"तुझ्यातलं मला म्हाईत न्हाय," सर म्हणाले. मी डोळे मिटून घेतले. "माझ्या बशीत दुसरा विषाणू होता. पण डॉक्टर लोकांनी हा शेक लई बायकांना दिलाय. त्यातल्या कैक बऱ्या झाल्या. ते म्या वाचलंय आणि ते खरं हाय."

"आणि न्हाय घेतला तर?"

"मग तू न्हाय राहात," सर त्याच आवाजात म्हणाले. पुढं म्हणाले, "आणि मला भाकरी येत न्हाय."

भाभी त्यांच्याकडं बघत राहिल्या. हाताचं पीठ वाळून भेगाळलं होतं. "ते मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "सोलापूरची गाडी किती वाजता हाय?"

मी तिथंच उंबऱ्यावर बसून रडले. भाभींनी मला दोनदा गॅस पेटवायला सांगितलं, तेव्हा कुठं उठले.

सोलापुरात त्यांची भाची होती, तिच्याकडं दोघं राहिले. मी सुट्टीला जायचे. भाभी रोज शेकाच्या खोलीत जायच्या आणि सर बाहेर बाकावर. पहिल्याच दिवशी त्यांनी मशीनवरच्या मुलाला विचारलं होतं, "कोणते किरण?" त्यानं न थांबता प्रकार सांगितला, ऊर्जा सांगितली, मशीन कसं चालतं तेही सांगितलं. सर इतके हरखले की त्या मुलाला रोज चहा पाजू लागले. बाकावरचे बाकीचे नातेवाईक कुठं जाणार? सरांनी त्यांना दोन्ही भाग पुरे सांगितले, पुन्हा पुन्हा सांगितले. एक म्हातारे बाबा मला म्हणाले, "लई शिकल्याला माणूस हाय. पर थांबत न्हाय."

भाभी वाळल्या, जुलाबांनी बेजार झाल्या, खाल्लेलं पोटात टिकेना. "तुमच्या बशीत जुलाब झाले होते का?" असं सरांना विचारायच्या. पण शेक पुरा झाला. नंतरच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सध्या काही दिसत नाही, पण येत राहा. सरांनी त्यांना "सध्या म्हणजे?" असं विचारलं आणि बाईंनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं. एकूण त्या दवाखान्यात सरांचे दिवस चांगले गेले.

मुरुमला परत आल्यावर थोड्याच दिवसांनी भाभींच्या बरगडीवर फोडांची ओळ उठली. आग आग व्हायला लागली. शेजारणीनं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "नागीण!" आमच्याकडं समजतात, नागीण कमरेभोवती फिरत जाते आणि तिचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस वाचत नाही. भाभींनी एवढा शेक घेतला तेव्हा त्या इतक्या घाबरल्या नव्हत्या. ही भीती लहानपणापासूनची. रंग उडालेल्या तोंडानं त्या सरांना म्हणाल्या, "बघा. उठलाच न्हवं?"

सरांनी वाकून बघितलं. भिंग काढलं नाही. "हा त्यो न्हवं," म्हणाले. "हा कांजिण्यांचा. तुला लहानपणी आल्या होत्या. आजारपणानं अंगातली ताकद गेली, तसा हा उठला." लगेच उमरग्याला जाऊन डॉक्टरला विचारून गोळ्या घेऊन आले, समोर बसून पहिली गोळी दिली.

पण भाभींची भीती काही जाईना. शेजारीण दारात वाटीत गेरू कालवून उभी होती. नागिणीच्या दोन्ही टोकांना गेरूची रेघ ओढली की ती पुढं सरकत नाही म्हणतात. ती आत यायला धजेना, कारण सरांच्या घरात हे असलं कसं चालेल? सर उठले, तिच्या हातातली वाटी घेतली आणि परत पलंगाशी आले. फोडांना धक्का न लावता, चांगल्या कातडीवर, त्यांनी एका टोकाला रेघ ओढली. मग दुसऱ्या टोकाला.

"मिळायचं न्हाय न्हवं?" भाभींनी विचारलं. "तोंड आणि शेपूट?"

मी दाराशी उभी राहून वाट बघत होते, की आता निघणार सगळा धडा. हे दुखणं सहसा अंगाच्या एकाच बाजूला राहतं, अर्ध्यावरून पलीकडं जात नाही, हे मी नंतर वाचलं. सरांना ते तेव्हाच ठाऊक असणार, त्याचं कारणही, आणि 'सहसा' म्हणजे किती तेही.

"न्हाय मिळत," सर म्हणाले.

भाभी अजून त्यांच्याकडंच बघत होत्या. "बस? एवढंच?"

"एवढंच," सर म्हणाले, आणि गेरूनं माखलेला हात तसाच त्यांच्या पाठीवर ठेवून बसून राहिले.